सोनखत, जंत आणि दोन खड्डे

दिवाळीनंतर एक शेतकरी पेशंट ब्लडप्रेशरच्या गोळ्या लिहून घ्यायला आले होते. उठता उठता म्हणाले, "डॉक्टर, एक विचारायचं होतं. विषय जरा घाण आहे, पण तुम्हालाच विचारतो." त्यांच्या परसात काही वर्षांपूर्वी दोन खड्ड्यांचा संडास बांधला होता. पहिला खड्डा भरला तेव्हा गवंड्याने चेंबरमधली वीट फिरवून पाणी दुसऱ्या खड्ड्याकडे वळवलं. त्यालाही आता दोन वर्षं होऊन गेली. पहिला खड्डा रिकामा करायला हवा. मुलगा म्हणतो, उपसायची गाडी बोलवा. सून म्हणते, त्याला कुणी हात लावायचा नाही. आणि ऐंशीच्या पुढची आई म्हणते, अरे ते सोनखत आहे, फेकता काय, वांग्याला घाला.

"घालू का? नातवंडांना जंत तर होणार नाहीत ना?"

बाहेर पेशंट ताटकळत होते. मी म्हटलं, "दोन वर्षं बंद आहे ना? मग घाला बिनधास्त." ते गेले, आणि रात्री जेवताना माझ्या लक्षात आलं की एक प्रश्न विचारायचा राहूनच गेला. तो कोणता, ते पुढे येईलच. पण आईंच्या तोंडचा 'सोनखत' हा शब्द मात्र डोक्यातून जाईना. त्या शब्दामागे मोठा इतिहास आहे, आणि त्यातला बराचसा आपल्या महाराष्ट्रात घडलेला आहे.

जनावराच्या शेणाचं ते शेणखत आणि माणसाच्या मैल्याचं ते सोनखत. एवढं भारदस्त नाव मिळालं, कारण त्याचा गुण शेतकऱ्याला ठाऊक होता. एक मोठा माणूस वर्षाला साधारण पन्नास लिटर मल आणि पाचशे लिटर लघवी टाकतो. आपण खाल्लेल्या अन्नातलं नत्र, स्फुरद, पालाश यांतलं बहुतेक सगळं यातून परत बाहेर पडतं. त्यातही नत्राचा मोठा वाटा लघवीत असतो. जपानमध्ये जुन्या काळी शहरातला मैला शेतकरी पैसे देऊन विकत नेत. चीनमध्येही तेच. अमेरिकन शेतीतज्ज्ञ एफ. एच. किंग यांनी १९११ च्या आपल्या पुस्तकात नोंदवलं आहे की शांघायच्या परदेशी वसाहतीने १९०८ साली मैला उचलण्याचा हक्क एका चिनी ठेकेदाराला विकला आणि त्याचे एकतीस हजार डॉलरहून जास्त घेतले. आज आपण मैला न्यायला पैसे देतो, तेव्हा नेणारा पैसे देत होता.

पुण्यातही हा व्यवहार झाला. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत पुण्याची नगरपालिका शहरातला मैला राखेत मिसळून, वाळवून 'पुद्रेट' या फ्रेंच नावाने शेतकऱ्यांना विकत असे, आणि उसाला ते खत चांगलं मानवत असे.

हे सगळं वाचताना छान वाटतं. पण त्या पुद्रेटसाठी मैला गोळा कसा होत असे? पाटीच्या संडासातून. वाड्याच्या मागे भंगीबोळ असायचा, तिथून एका ठरावीक जातीचा माणूस किंवा बाई पहाटे येऊन पाटी खरवडून, डोक्यावर घेऊन जायची. सोनं शेतकऱ्याच्या वाट्याला आणि हगवण, कावीळ, जंत त्या वाहणाऱ्याच्या वाट्याला. या खताचं कौतुक करणाऱ्या जुन्या इंग्रजी अहवालांत टनांचे आणि रुपयांचे आकडे भरपूर सापडतात. वाहणाऱ्याच्या तब्येतीचा आकडा माझ्या तरी पाहण्यात नाही.

आता डॉक्टर म्हणून माझा मुद्दा. ताजा मैला शेतात टाकला की काय होतं? मोठ्या गोल जंताची एक मादी दिवसाला सुमारे दोन लाख अंडी घालते. ती मलातून बाहेर येतात, पण तेव्हा त्यांच्यापासून धोका नसतो. त्यांना दोन-तीन आठवडे ओलसर, उबदार माती मिळावी लागते. त्या मातीत अंड्याच्या आत अळी तयार होते आणि मगच ते अंडं पोटात गेलं तर जंत होतो. म्हणजे ताजा मैला घातलेला भाजीचा वाफा हे जंतांच्या अंड्यांचं पाळणाघरच झालं. वर त्या अंड्याचं कवच इतकं चिवट, की योग्य मातीत ते काही वर्षंसुद्धा टिकतं. शाळेत फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये मुलांना देतात ती अल्बेंडाझोलची गोळी आतड्यातला जंत मारते, वाफ्यातल्या अंड्याचं ती काहीही करू शकत नाही.

हे कोडं सुटलं तेही सोनखताच्या देशातच. जपानमधले डॉक्टर कोइनो यांनी १९२२ साली माणसाच्या जंतांची दोन हजार अंडी स्वतः गिळली. काही दिवसांनी त्यांना ताप, खोकला, न्यूमोनियासारखी लक्षणं झाली आणि त्यांच्या थुंकीतच जंतांच्या अळ्या सापडल्या. अळी आतड्यातून रक्तात, रक्तातून फुप्फुसात, तिथून घशात आणि गिळली जाऊन पुन्हा आतड्यात असा प्रवास करते, हे त्यांनी आपल्याच शरीरावर दाखवून दिलं. (कृपया कुणी हा प्रयोग घरी करू नये.) दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये तपासण्या झाल्या तेव्हा निम्म्याहून जास्त लोकांच्या पोटात जंत निघाले. तिथे असलेल्या अमेरिकन सैन्याने तर आपल्या जवानांना कच्ची भाजी मिळावी म्हणून मातीशिवाय भाजी पिकवणारी स्वतंत्र शेतीच उभारली. शेतीला सोनं ठरलेली ती पद्धत पोटाला अशी महाग पडली होती.

तेव्हा प्रश्न दोन होते. मैला आणि तोंड यांच्यात पुरेसं अंतर कसं ठेवायचं? आणि दुसऱ्या माणसाच्या डोक्यावर पाटी न देता खत कसं करायचं?

पहिल्या प्रश्नावर इंग्लंडमध्ये जॉर्ज व्हिवियन पूर नावाच्या एका डॉक्टरांनी खूप विचार केला. लंडनमधली गटारं मैला वाहून नदीत सोडतात, हे त्यांना पटत नव्हतं. १८९३ च्या ग्रामीण आरोग्यावरच्या पुस्तकात त्यांनी म्हटलं की मैला खोल पुरू नका. जमिनीच्या वरच्या थरात हवा असते, जिवाणू असतात, तिथे त्याची लवकर माती होते. गांधीजींनी हे पुस्तक वाचलं होतं. खेड्यांच्या सफाईवर लिहिताना ते पूर यांचा हवाला देऊन नऊ ते बारा इंचांच्या उथळ चरात मैला पुरायला सांगत, आणि त्यांच्या आश्रमांमध्ये ते सगळे मिळून करतही.

इथे मला गांधीजींशी आणि डॉ. पूर यांच्याशी थोडं भांडायचं आहे. खत होण्यासाठी उथळ चर उत्तम, पण अंकुशकृमीचं काय? या किड्याची अळी याच वरच्या, ओलसर, हवेशीर मातीत आठवड्याभरात तयार होते आणि अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरते. हेही असंच अपघाताने कळलं. कैरोत काम करणाऱ्या लूस नावाच्या शास्त्रज्ञाच्या हातावर १८९८ साली अळ्यांचं पाणी सांडलं, जागा लाल होऊन खाजली आणि पुढे त्याच्याच मलात अंकुशकृमीची अंडी सापडली. आपल्याकडे रक्त कमी झालेल्या, शेतात अनवाणी राबणाऱ्या कितीतरी बायकांच्या पांढऱ्या पडलेल्या नखांमागे हा किडा असतो. पूर यांचं पुस्तक लूसच्या अपघाताच्या पाच वर्षं आधीचं आहे, त्यामुळे त्यांना दोष देता येत नाही. पण नऊ इंचांची माती पुरेशी नव्हती, एवढं खरं.

दुसऱ्या प्रश्नाशी ज्यांनी आयुष्यभर झुंज दिली, ते सीताराम पुरुषोत्तम तथा अप्पासाहेब पटवर्धन. गांधीजींची आत्मकथा अनेकांनी मराठीतून वाचली असेल. तो अनुवाद त्यांचा आहे. तत्त्वज्ञान शिकलेला हा ब्राह्मण माणूस कोकणात परत गेला आणि मेलेल्या ढोरांची कातडी सोलणं, संडास साफ करणं ही कामं त्याने स्वतः हातात घेतली. १९३२ साली ते रत्नागिरीच्या तुरुंगात होते. तिथे त्यांनी भंगीकाम मागितलं. उच्चवर्णीय कैद्याला ते काम द्यायचं नाही, असा तुरुंगाचा खाक्या. अप्पांनी अन्न कमी करायला सुरुवात केली. ही बातमी येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींना कळली आणि ३ डिसेंबरला त्यांनीही अप्पांसाठी उपास सुरू केला. सरकारने या मागणीचा विचार करू म्हटल्यावर तो लगेच सुटला. संडास साफ करायला मिळावा म्हणून केलेला असा उपास दुसरा कुठला मला माहीत नाही.

पण अप्पांचं मोठेपण मला याच्या पुढच्या पायरीत वाटतं. वरच्या जातीच्या चार माणसांनी पाटी उचलली म्हणून पाटी संपत नाही, हे त्यांना दिसलं. पाटीच नको, असा संडास हवा. स्वातंत्र्यानंतर, १९४८ साली त्यांनी कणकवलीजवळ गोपुरी आश्रम उभारला, आणि त्या नावाने 'गोपुरी संडास' ओळखला जाऊ लागला. कल्पना अगदी साधी. शेजारी शेजारी दोन खड्डे. एक वापरायचा, प्रत्येक वेळी वर माती, पालापाचोळा टाकायचा. भरला की तो झाकून दुसरा वापरायचा. दुसरा भरेपर्यंत पहिल्यातल्या मैल्याची माती झालेली असते. तिला वास नाही, तिच्यावर माशी नाही, आणि ती मैल्यासारखी दिसतही नाही. ती घरच्या माणसाने फावड्याने काढून झाडाला घालावी. पाटी वाहणाऱ्या माणसाचं काम या संडासात काळ करतो.

गंमत अशी की जंतांवरचा इलाजही काळ हाच आहे. अंडी चिवट असली तरी अमर नसतात. उष्णता, कोरडेपणा, राख-चुन्याचा क्षार आणि महिने, यांपुढे ती हरतात. अप्पा लढत होते जातीशी आणि उत्तर मिळालं ते रोगालाही लागू पडलं.

हे डॉक्टरी बाजूने ज्यांनी पुढे नेलं, ते डॉ. सुहास विठ्ठल मापुसकर. तरुण वयात सरकारी डॉक्टर म्हणून ते देहूला आले. तुकोबांचं गाव, इंद्रायणीचा काठ, वारकऱ्यांची ये-जा, आणि गावात संडास जवळजवळ नाहीतच. दवाखान्यात येणारे बहुतेक आजार पोटाचे आणि पाण्याचे. औषध द्यायचं, पेशंट बरा होऊन जायचा आणि महिन्याने त्याच तक्रारीने परत. खेड्यात प्रॅक्टिस केलेल्या प्रत्येक डॉक्टरने हे चक्र पाहिलं आहे. आम्ही बहुतेकजण आणखी एक प्रिस्क्रिप्शन लिहितो. त्यांनी संडास बांधायला घेतले.

पहिला प्रयत्न फसला. बांधलेले संडास पावसाळ्यात कोसळले आणि लोकांचे बोल डॉक्टरांना ऐकावे लागले. मला त्यांच्या चरित्रातला हा भाग फार आवडतो, कारण इथे कुणीही हात टेकले असते. त्यांनी अप्पांची रचना अभ्यासली, माती, पाणी, खड्ड्याची बांधणी समजून घेतली आणि घराघरात जाऊन पुन्हा सुरुवात केली. सगळं गाव उघड्यावरून घरातल्या संडासात यायला काही दशकं गेली. मैल्यावर चालणाऱ्या बायोगॅसच्या 'मलप्रभा' या रचनेशी त्यांचं नाव जोडलेलं आहे. त्यात मैला बंद टाकीत कुजतो, गॅस चुलीला जातो आणि उरलेला रबडा खताला. देहूतल्या आपल्या प्रशिक्षण संस्थेला त्यांनी अप्पा पटवर्धनांचं नाव दिलं. २०१५ साली ते गेले आणि २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. आमच्या व्यवसायातल्या किती जणांना त्यांचं नाव माहीत आहे, हे विचारायची मला भीती वाटते.

काळाला पुरेसा वेळ दिला नाही तर काय होतं, हे उत्तर व्हिएतनामने दाखवलं. १९५६ च्या सुमारास तिथल्या सरकारने खेडोपाडी दोन कप्प्यांचे कोरडे संडास बांधण्याची मोठी मोहीम काढली. जमिनीवर बांधलेले कप्पे, लघवी पन्हळीतून वेगळ्या मडक्यात, मलावर चुलीची राख. जगभरच्या पर्यावरणपूरक संडासांच्या पुस्तकांत या रचनेचा मान पहिला. सहा महिने बंद ठेवा, असं आरोग्य खात्याचं सांगणं. पण भाताची लावणी आरोग्य खात्याला विचारून येत नाही. हंगाम आला की शेतकरी तीन-चार महिन्यांतच कप्पा उघडत. पुढे संशोधकांनी तपासलं तेव्हा अशा खतात जंतांची जिवंत अंडी सापडत होती. तो शेतकरी चुकत होता असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. त्याच्या हातात ऐन हंगामात एवढंच खत होतं.

म्हणून २००६ च्या मार्गदर्शनात जागतिक आरोग्य संघटनेने हवामानाप्रमाणे मुदत दिली आहे. खड्डा बंद केल्यावर, वर नवीन मैला अजिबात न पडता, थंड प्रदेशात दीड ते दोन वर्षं आणि आपल्यासारख्या वीस ते पस्तीस अंश तापमानाच्या प्रदेशात एक वर्षाहून जास्त. आपल्या सरकारी योजनेतल्या दोन खड्ड्यांच्या संडासामागेही हाच हिशोब आहे. २०१७ च्या फेब्रुवारीत केंद्राच्या स्वच्छता खात्याचे सचिव परमेश्वरन अय्यर तेलंगणातल्या गंगादेवीपल्ली गावात अशाच एका बंद खड्ड्यात स्वतः उतरले आणि हाताने खत बाहेर काढलं. अप्पांच्या उपासानंतर चौऱ्याऐंशी वर्षांनी त्याची बातमी झाली, यावरून आपल्या मनातली पाटी किती जड आहे ते कळतं.

आता माझा राहिलेला प्रश्न. वरच्या वाक्यातले 'नवीन मैला अजिबात न पडता' हे शब्द पुन्हा वाचा. आपल्याकडचा संडास कोरडा नसतो, त्यात पाणी ओततात. भांड्यातून येणारं पाणी चेंबरमध्ये येतं आणि तिथून एका खड्ड्याकडे जातं. दुसऱ्याचं तोंड विटेने बंद असायला हवं. ती वीट नुसती टेकवून ठेवली असेल तर दोन्ही खड्ड्यांत मैला जात राहतो आणि दोन वर्षांचं घड्याळ कधी सुरूच होत नाही. काही ठिकाणी तर गवंड्याने दोन्ही तोंडं मोकळीच ठेवलेली असतात, "म्हणजे लवकर भरत नाही".

दुसऱ्या दिवशी मी त्यांना फोन केला आणि विचारलं, "चेंबरमधली वीट सिमेंटने पक्की बसवली आहे का?" ते म्हणाले, बघून सांगतो. तोवर झाकण काढायचं नाही असं बजावलं, आणि आणखी दोन गोष्टी सांगितल्या. खड्ड्यातला माल कोरडा, काळपट, भुसभुशीत आणि बिनवासाचा असेल तरच ते खत. चिकट, ओला किंवा वास येणारा असेल तर तो मैलाच आहे, झाकण परत लावायचं. आणि खत झालेलं असलं तरी ते उन्हाळ्यात काढायचं, हातमोजे आणि बूट घालून, आणि फळझाडाला किंवा उसाला घालायचं. कोथिंबीर, मुळा, काकडी अशा कच्च्या खायच्या पिकाला नाही. त्यांच्या आईंचं वांगं शिजवूनच खातात, पण मुलं वाफ्यात खेळतात, म्हणून तेही नको म्हटलं.

वाचकांपैकी कुणाकडे सेप्टिक टँक असेल तर वरचं काहीही त्याला लागू नाही. त्यात रोज ताजा मैला पडतो, त्यामुळे तिथला गाळ कधीच खत नसतो. आणि टाकीत उतरू नका, कुणाला उतरवूही नका. आतल्या विषारी वायूने माणूस काही क्षणांत बेशुद्ध पडतो, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही तिथेच राहतो. माणसाला असं उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. ते काम गाडीचं आहे.

चार दिवसांनी ते परत आले, या वेळी पेशंट म्हणून नाही. वीट सैल होती. बाजूने पाणी झिरपून पहिल्या खड्ड्यात ओल दिसत होती. त्यांनी गवंडी बोलावून तोंड सिमेंटने बंद करून घेतलं होतं. "आई चिडली आहे," ते हसत म्हणाले. "म्हणते, एवढी वर्षं थांबलो आणि आता पुन्हा पहिल्यापासून." खड्ड्याच्या झाकणावर त्यांनी रंगाने त्या दिवसाची तारीख लिहून ठेवली आहे. मोबाइलवर फोटो दाखवला. नातवाने तारखेच्या शेजारी एक वांगं काढलं होतं.